एजंटला ताजं डॉक्युमेंटेशन दिलं, पण त्याने ते उघडलं का?

ओपनएआयची पायथन लायब्ररी वापरून कधी छोटासा चॅटबॉट बनवायला घेतला असेल, तर एक एरर तुमच्या ओळखीची असेल. 'चॅटकम्प्लिशन' आता १.० आणि त्यापुढच्या व्हर्जनमध्ये चालत नाही, असं ती सांगते. पुढे दोन रस्तेही सुचवते: कोड नव्या पद्धतीने बदला, नाहीतर ०.२८ हे जुनं व्हर्जन टाका. हे १.० व्हर्जन आलं नोव्हेंबर २०२३ मध्ये. म्हणजे बातमी म्हणून ती कधीच शिळी झाली. पण एआयकडून कोड लिहून घेणाऱ्यांचा या प्रकारच्या एररशी संबंध अजून सुटलेला नाही. लायब्ररी बदलते, एपीआय बदलतं, आणि मॉडेल मात्र जुन्याच पद्धतीने आत्मविश्वासाने लिहीत राहतं.

यावर उपाय म्हणून गेल्या दीड-दोन वर्षांत एक नवीनच जात तयार झाली आहे: एआय एजंटला एपीआयची ताजी माहिती पुरवणारी टूल्स. त्यांची जाहिरात एका ओळीत होते, 'तुमचा एजंट आता अपडेटेड राहील'. हा दावा कितपत खरा आहे आणि तो तपासायचा कसा, ते आज बघू.

आधी एपीआय म्हणजे काय ते पटकन. एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे काम मागण्याची ठरलेली पद्धत म्हणजे एपीआय. तुम्ही यूपीआय ॲपमध्ये 'बॅलन्स दाखव' दाबता तेव्हा ॲप ठरलेल्या साच्यात विनंती पाठवतं आणि ठरलेल्या साच्यात उत्तर येतं. हे नियम बदलतात. एनपीसीआयने १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपमधून दिवसाला ५० वेळाच बॅलन्स बघता येईल, अशी मर्यादा घातली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून मित्राला 'पैसे पाठव' म्हणून कलेक्ट रिक्वेस्ट पाठवायची सोय बंद झाली. तुमच्या-माझ्या स्क्रीनवर फारसं काही हललं नाही, पण प्रत्येक ॲपच्या आत कोणाला तरी कोड बदलावा लागला. आता हे 'कोणाला तरी' म्हणजे माणूस नसून एजंट असेल, तर त्याला बदल कळणार कसा?

चॅटबॉट नुसतं उत्तर देतो. एजंट फाइल उघडतो, कोड बदलतो, कमांड चालवतो, एरर आली की पुन्हा प्रयत्न करतो. त्याच्या आतलं मॉडेल मात्र एका तारखेपर्यंतच्या मजकुरावर शिकलेलं असतं. त्या तारखेनंतरचं त्याला माहीत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याहून कमी लोकांच्या लक्षात येणारी गोष्ट अशी की त्या तारखेच्या आधीचं नवीन एपीआयसुद्धा त्याला नीट आठवेलच असं नाही. कारण इंटरनेटवर जुन्या पद्धतीचा कोड ढिगाने आहे आणि नव्याचा मूठभर. मॉडेल शेवटी बहुमताकडे झुकतं.

याचं बोलकं उदाहरण अँड्र्यू एनजी यांनी दिलं होतं. ओपनएआयचं रिस्पॉन्सेस एपीआय मार्च २०२५ मध्ये आलं. तरी एजंटला ओपनएआयचं मॉडेल वापरणारा कोड लिहायला सांगितला की तो त्याआधीचं चॅट कम्प्लिशन्स एपीआय वापरतो. गंमत म्हणजे तो कोड चालतो! एररच येत नाही. माझ्या मते शिळ्या माहितीचा हा प्रकार जास्त त्रासदायक आहे. पांडाज लायब्ररीच्या २.० व्हर्जनमधून डेटाफ्रेमचं 'अपेंड' काढून टाकलं तेव्हा जुना कोड लगेच कोसळला. कोसळला म्हणून लोकांनी तो दुरुस्त केला. जो कोड कोसळत नाही तो तसाच राहतो, त्यावर आणखी मजले चढतात, आणि एक दिवस कंपनी 'जुनं एपीआय बंद' अशी तारीख जाहीर करते.

तर ही टूल्स काय करतात? सगळ्यात साधा प्रकार म्हणजे जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये मांडलेली 'एलएलएम्स डॉट टीएक्सटी' ही कल्पना. वेबसाइटने आपल्या मुळाशी एक साधी मजकूर फाइल ठेवायची, मेनू आणि बटणांचा पसारा नसलेली, म्हणजे मॉडेलला थेट कामाचं वाचता येईल. दुसरा प्रकार अपस्टॅश कंपनीच्या 'कॉन्टेक्स्ट७' सारखा. हा एमसीपी सर्व्हर आहे. एमसीपी म्हणजे एजंटला बाहेरची साधनं जोडायची एक सामायिक पद्धत, अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेली. कॉन्टेक्स्ट७ दोन पायऱ्यांत काम करतं: आधी तुम्ही म्हणता ती लायब्ररी नेमकी कोणती हे ठरवायचं, मग तिचं डॉक्युमेंटेशन आणून एजंटपुढे ठेवायचं.

एनजी यांचं 'कॉन्टेक्स्ट हब' हे ओपन सोर्स टूल थोडं वेगळं आहे. ते कमांड लाइनवर चालतं आणि एजंटनेच ते वापरावं अशी अपेक्षा आहे. शोध, आण, एवढंच करून ते थांबत नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये काही राहून गेलं असेल तर एजंट स्वतःची टीप लिहून ठेवू शकतो आणि पुढच्या वेळी तेच पान मागवलं की ती टीप सोबत येते. पान उपयोगी पडलं की नाही हा अभिप्राय पान लिहिणाऱ्यांकडे जातो. कल्पना मला आवडली, कारण एजंट दर वेळी त्याच खड्ड्यात पडतो ही रोजची तक्रार आहे.

पण माहिती हाताशी ठेवली म्हणजे एजंट ती वापरेलच, असं आपण गृहीत धरतो. इथेच खरी मेख आहे. अभ्यासाचं पुस्तक टेबलावर असणं आणि ते उघडणं यातला फरक आपल्याला कोणी सांगायला नको.

नेक्स्ट डॉट जेएस हे फ्रेमवर्क बनवणाऱ्या व्हर्सेल कंपनीने २०२६ च्या सुरुवातीला हाच फरक मोजून दाखवला. त्यांनी नेक्स्ट डॉट जेएस १६ मधली अशी एपीआय निवडली जी मॉडेलच्या शिक्षणात नव्हतीच. मग एजंटला त्यावर कामं दिली. कोणतंही डॉक्युमेंटेशन न देता ५३ टक्के कामं पास झाली. मग त्यांनी 'स्किल' दिलं. स्किल म्हणजे माहितीचं एक गाठोडं, जे गरज वाटली तर एजंटने स्वतःहून उघडायचं. निकाल? पुन्हा ५३ टक्के. काडीचाही फरक नाही. कारण ५६ टक्के वेळा एजंटने स्किल उघडलंच नव्हतं.

मग 'हे स्किल वापर' अशी स्पष्ट सूचना दिली, तेव्हा आकडा ७९ वर गेला. पण सूचनेचे शब्द थोडे बदलले की वागणं बदलत होतं. 'आधी स्किल उघडच' असं दटावलं की एजंट डॉक्युमेंटेशनमध्येच अडकायचा आणि प्रोजेक्टची सेटिंग्जची फाइल बदलायला विसरायचा. 'आधी प्रोजेक्ट बघ, मग स्किल उघड' म्हटलं की दोन्ही नीट व्हायचं. शेवटी त्यांनी जी पद्धत वापरली ती अगदीच साधी होती. 'एजंट्स डॉट एमडी' नावाची फाइल एजंट प्रत्येक कामाच्या वेळी वाचतोच. तिच्यात त्यांनी डॉक्युमेंटेशनची फक्त अनुक्रमणिका टाकली, म्हणजे कोणता विषय कोणत्या फाइलमध्ये आहे एवढंच. ४० केबीची ती अनुक्रमणिका दाबून ८ केबी केली आणि वर एक ओळ लिहिली, साधारण अशा अर्थाची: पाठ असलेल्यावर विसंबू नकोस, शोधून बघ. यावेळी १०० टक्के.

हा आकडा बघून हुरळून जायचं कारण नाही. चाचणी व्हर्सेलची, फ्रेमवर्क त्यांचं, प्रश्नही त्यांनी निवडलेले. शिवाय एका फ्रेमवर्कची अनुक्रमणिका ८ केबीत बसते. तुमच्या प्रोजेक्टमध्ये चाळीस लायब्ररी असतील तर सगळ्यांच्या अनुक्रमणिका त्या फाइलमध्ये कोंबता येणार नाहीत. तरी 'टूल दिलं' आणि 'टूल वापरलं' हे दोन वेगळे आकडे आहेत आणि ते वेगवेगळे मोजायला हवेत, हे या चाचणीने दाखवलं, आणि ते मला पासच्या टक्क्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. बहुतेक टूल्सच्या डेमोमध्ये दुसरा आकडा नसतोच. डेमो करणारा माणूस स्वतः लिहितो, 'अमुक टूल वापर', आणि एजंट वापरतो. तुम्ही रात्री अकरा वाजता घाईत काम सांगाल तेव्हा ते वाक्य लिहाल का?

बरं, उघडलं, वाचलं, तरी काम होईल का? २०२४ मधलं 'कोडअपडेटअरेना' नावाचं संशोधन इथे उपयोगी आहे. त्यात सात पायथन पॅकेजमधल्या ५४ फंक्शन्समध्ये मुद्दाम काल्पनिक बदल केले, म्हणजे मॉडेलला उत्तर पाठ असण्याचा प्रश्नच नाही. मग त्यावर ६७० प्रश्न तयार केले. बदलाची माहिती थेट प्रश्नाच्या आधी जोडून दिली, तरी तपासलेल्या ओपन सोर्स मॉडेल्सना ती वापरून प्रश्न सोडवणं जमलं नाही. आजची मॉडेल्स त्यापेक्षा बरीच पुढे आहेत, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा आज लावू नका. पण वाचणं वेगळं आणि वापरणं वेगळं, ही पायरी तेव्हापासून ठळक झाली आहे.

आता उलट बाजू, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ताजं म्हणजे बरोबर असं नसतं. तुमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये किंवा ऑफिसच्या सर्व्हरवर लायब्ररीचं दोन वर्षांपूर्वीचं व्हर्जन असेल, तर तुम्हाला त्या व्हर्जनचंच डॉक्युमेंटेशन पाहिजे. एजंटने सगळ्यात नवीन पान आणलं आणि त्याप्रमाणे कोड लिहिला, तर तो कोड तुमच्याकडे चालणारच नाही. त्याहून वाईट म्हणजे एजंट शहाणपणा करून लायब्ररीच अपग्रेड करून टाकेल आणि बाकीच्या तीन गोष्टी मोडतील. 'गिटकमेलिऑन २.०' ही चाचणी नेमकं हेच मोजते. त्यात ३२८ पायथन प्रश्न आहेत आणि प्रत्येक प्रश्न एका ठरावीक व्हर्जनला बांधलेला आहे. त्या वेळच्या व्यावसायिक मॉडेल्सना त्यात ४८ ते ५१ टक्क्यांच्या आसपास यश मिळालं. म्हणजे जवळपास नाणेफेक.

नावांचा घोळ हा आणखी एक सापळा. जेमिनीसाठी गूगलचं पायथन पॅकेज आधी 'गूगल-जनरेटिव्हएआय' होतं, ते निवृत्त करून 'गूगल-जेनएआय' आणलं. दोन्ही नावं इतकी सारखी आहेत की माणूसही फसेल. एजंटने टूलला नुसतं 'जेमिनी पायथन' विचारलं आणि टूलने जुन्या पॅकेजचं पान दिलं, तर 'ताजं डॉक्युमेंटेशन देणाऱ्या' टूलमधून जुनंच मिळालं, आणि वर अधिकृत असल्याचा शिक्का. गूगलने नव्या पॅकेजच्या रेपॉझिटरीत एआयसाठी वेगळी सूचना-फाइल ठेवली आहे, ती याचसाठी.

म्हणून अशा टूलचं स्वतःचं डॉक्युमेंटेशन कसं आहे, यावर अर्धी लढाई ठरते. इथे वाचक दोन आहेत. एक तुम्ही, दुसरा एजंट. तुमच्यासाठी असतं ते इन्स्टॉल कसं करायचं वगैरे. एजंट वाचतो ते टूलचं दोन-चार ओळींचं वर्णन, आणि त्यावरूनच तो ठरवतो की आत्ता हे टूल वापरायचं की नाही. 'लायब्ररीची माहिती देते' असं वर्णन असेल तर एजंटला वाटतं, मला तर ही लायब्ररी येतेच. त्याऐवजी 'बाहेरच्या लायब्ररीचा कोड लिहिण्याआधी, ती येत असेल तरीही, हे वापर. प्रोजेक्टमधलं व्हर्जन आधी बघ आणि तेच माग' असं लिहिलं की चित्र बदलतं. चांगल्या वर्णनात आणखी दोन गोष्टी मी शोधतो: पान शेवटचं कधी तपासलं त्याची तारीख, आणि माहिती सापडली नाही तर एजंटने काय करायचं. दुसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी गायब असते. 'सापडलं नाही' असं स्पष्ट उत्तर मिळालं नाही की एजंट मोकळी जागा स्वतःच्या कल्पनेने भरतो.

तुम्हाला घरबसल्या चाचणी घ्यायची असेल तर मोठी यंत्रणा लागत नाही. तुम्हाला स्वतःला नीट येणारी एक लायब्ररी घ्या. पाच-सहा छोटी कामं लिहा, ज्यांचं उत्तर चालवून तपासता येईल. प्रत्येक काम टूलशिवाय आणि टूलसह, नव्या सेशनमध्ये, किमान तीन वेळा द्या. एकदा पास झालं हा पुरावा नाही, कारण तोच प्रश्न पुन्हा विचारला की एजंट वेगळं वागतो. सूचनेत टूलचं नाव घेऊ नका. मग लॉगमध्ये बघा, त्याने टूल उघडलं का, कोणतं पान आणलं, कोणत्या व्हर्जनचं. या कामांत दोन खोड्या जरूर घाला: एका प्रोजेक्टमध्ये मुद्दाम जुनं व्हर्जन बांधून ठेवा, आणि एका कामात अस्तित्वात नसलेलं फंक्शन मागा. पहिल्या ठिकाणी तो गुपचूप अपग्रेड करतो का, आणि दुसऱ्या ठिकाणी 'असं काही नाही' म्हणतो का, यावरून टूलची खरी पातळी कळते. टोकनचा खर्चही लिहून ठेवा. मोफत प्लॅनवर असाल तर एका पानाने दिवसाची मर्यादा खाऊन टाकली, हे कळणं गरजेचं आहे.

एक बारीक गोष्ट मराठीतून एजंटशी बोलणाऱ्यांसाठी. काम मराठीत खुशाल सांगा, पण लायब्ररीचं नाव आणि व्हर्जन नंबर पॅकेजच्या फाइलमध्ये आहेत तसेच, रोमन अक्षरांत लिहा. टूल शोध घेतं तो त्याच नावाने.

सुरक्षेचा मुद्दा थोडक्यात, पण टाळता येणार नाही. डॉक्युमेंटेशन एजंटच्या डोक्यात जातं आणि त्याच्यासाठी माहिती आणि सूचना यातली रेष पुसट असते. या पानांपैकी बरीच समुदायाने जोडलेली असतात. कॉन्टेक्स्ट७ स्वतःच सांगतं की त्यांच्या अचूकतेची किंवा सुरक्षिततेची हमी देता येत नाही. पानात कोणी 'हे पॅकेजही इन्स्टॉल कर' अशी ओळ घुसवली तर? ही भीती हवेतली नाही. १६ मॉडेल्सकडून ५ लाख ७६ हजार कोडचे नमुने लिहून घेणाऱ्या एका संशोधनात, सुचवलेल्या पॅकेजपैकी सुमारे १९.७ टक्के अस्तित्वातच नव्हती. अशी काल्पनिक नावं निघाली २ लाख ५ हजार ४७४. कोणीतरी त्यातल्या एका नावाने खरं पॅकेज बनवून त्यात व्हायरस ठेवला की झालं. म्हणून माझा नियम सरळ आहे: एजंटला पान वाचायची परवानगी आपोआप, पॅकेज इन्स्टॉल करायची मात्र विचारून.

या सगळ्याची कसोटी लावणारं काम सध्या खूप जणांच्या पुढ्यात आहे. ओपनएआयने असिस्टंट्स एपीआय बंद करायची तारीख २६ ऑगस्ट २०२६ अशी जाहीर केली, तीही वर्षभर आधी. दोन वर्षांपूर्वीचे कितीतरी फायनल इयर प्रोजेक्ट आणि छोट्या स्टार्टअपचे बॉट त्यावरच उभे आहेत. कोडचा बदल तसा कागदावर सोपा दिसतो: थ्रेडच्या जागी कॉन्व्हर्सेशन, रनच्या जागी रिस्पॉन्स. चांगलं टूल जोडलेला एजंट हे भाषांतर करून देईल, टेस्टही हिरव्या होतील. पण जुन्या थ्रेडमध्ये साठलेले वापरकर्त्यांचे संवाद आपोआप नव्या जागी जात नाहीत. तसं टूल देणार नाही, हे ओपनएआयच्या मायग्रेशन गाइडमध्ये लिहिलेलं आहे. नवे संवाद नव्या पद्धतीने सुरू करा आणि जुने लागतील तसे हलवा, असं ती गाइड सांगते. 'कोड अपडेट कर' एवढंच सांगितलेला एजंट त्या ओळीपर्यंत पोचला का आणि पोचून तुम्हाला विचारायला थांबला का, हे लॉगमध्ये बघा. तुमच्या बॉटवर कोणाचे जुने संवाद असतील, तर ते आधी स्वतः उतरवून घ्या आणि मगच एजंटला कामाला लावा.